विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर : "दिसतंय" म्हटलं की झालं का?

पंखपसारा:

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको करत बरेच दिवस गेले. परवा एका ओळखीच्यांनी विचारलं की एवढं रडार, एवढे कॉम्प्युटर, तरी विमान नि हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळतातच कशी, आणि मला काही धड उत्तर देता येईना. म्हणून इथे मांडतोय. टॉवरमध्ये काम केलेली, स्वतः उडवणारी माणसं इथे आहेत त्यांनी जरूर लिहा, माझं चुकलं तर बिनधास्त दुरुस्त करा.

निमित्त अर्थातच वॉशिंग्टनचं. २९ जानेवारी २०२५, रात्री ८ वाजून ४७ मिनिटं ५९ सेकंद. रेगन नॅशनल विमानतळावर उतरायला आलेलं सीआरजे ७०० जातीचं प्रवासी विमान आणि अमेरिकन लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर एकमेकांवर आदळले. विमानातले ६४, हेलिकॉप्टरमधले ३, एकूण ६७ माणसं गेली. एकही वाचलं नाही. रनवे जेमतेम अर्ध्या मैलावर होता हो, समोर दिसत होता.

मी त्याबद्दल जे जे मिळेल ते वाचत गेलो आणि एका ठिकाणी अडकलो ते अजून तिथेच आहे. त्या नदीच्या काठाने हेलिकॉप्टरसाठी ठरलेला मार्ग होता, रूट ४, आणि त्या भागात उंचीची मर्यादा होती २०० फूट. आता ३३ नंबरच्या रनवेवर उतरणारं विमान बरोबर त्याच काठावरून उतरत जातं. तपास करणाऱ्या एनटीएसबीने काढलं की हेलिकॉप्टर पूर्वेच्या काठाला धरून नियमाप्रमाणे २०० फुटांवर असेल आणि विमान नेहमीच्या उतारावर अगदी बरोबर असेल, तरी दोघांमध्ये उभं अंतर उरतं ७५ फूट. म्हणजे दोघांनीही एक पैची चूक केली नाही तरी ७५ फूट!

हे नकाशावर छापलेलं होतं. वर्षानुवर्षं.

मला विचारायचंय ते हे, की असं ठिकाण चालतं कसं, आणि ते चालू नये म्हणून नेमकं काय काय करता येतं?

दशांश:

चांगला विषय. आकडे डोळ्यासमोर यावेत म्हणून सांगतो, ७५ फूट म्हणजे २३ मीटर. सीआरजे ७०० ची स्वतःची लांबी ३२ मीटर आहे. दोघांमधलं अंतर विमानाच्या लांबीएवढंसुद्धा नव्हतं.

आणि एनटीएसबीने आधीच्या सव्वातीन वर्षांचा डेटा काढला होता तोही बघा. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळावर व्यावसायिक विमानांची ९,४४,१७९ उड्डाणं-उतरणं झाली. त्यात विमान आणि हेलिकॉप्टर आडवं एका नॉटिकल मैलाच्या आत आणि उभं ४०० फुटांच्या आत आले असे प्रसंग १५,२१४. भागाकार केला तर रोज साधारण तेरा. त्यातले ८५ असे की आडवं अंतर १५०० फुटांपेक्षा कमी आणि उभं २०० पेक्षा कमी. म्हणजे महिन्याला दोनाहून जास्त वेळा.

हा सगळा डेटा अपघाताच्या आधीपासून पडून होता. कोणी बेरीज केली नाही एवढंच. मला याचाच जास्त राग येतो, अपघातानंतर जी बेरीज एनटीएसबीने काही आठवड्यांत केली ती आधी करायला काय हरकत होती?

अनुस्वार:

मला यातलं फार कळत नाही, पण विमानांमध्ये टक्कर टाळणारं यंत्र असतं ना? १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं आदळून ३४९ माणसं गेली त्यानंतर आपल्याकडे ते सक्तीचं केलं असं वाचलंय. मग इथे ते कुठे गेलं?

उजवी_सीट:

अनुस्वार, प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या यंत्राला आम्ही टीकॅस म्हणतो. मी प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर आहे म्हणून रोजचं सांगते.

टीकॅस दोन पायऱ्यांत बोलतं. आधी नुसतं "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणतं, म्हणजे जवळ कोणीतरी आहे, बघा. मग परिस्थिती बिघडली तर थेट हुकूम देतं, वर जा, खाली जा. तो हुकूम आला की कंट्रोलर काहीही सांगू दे, आम्ही टीकॅसचंच ऐकायचं, हे आमच्या हाडीमाशी भिनवलेलं असतं. पण जमिनीपासून साधारण १००० फुटांखाली हा हुकूम द्यायचा भाग बंद होतो, मुद्दाम बंद ठेवलेला आहे तो. कारण खाली आल्यावर "खाली जा" सांगणं म्हणजे जमिनीत घालणं, आणि खाली टॅक्सी करणाऱ्या, उभ्या असलेल्या सगळ्यांचे ट्रान्सपाँडर (आपली ओळख आणि उंची रेडिओवरून कळवणारी यंत्रं) मिळून यंत्र सारखं ओरडत राहील, त्यात आम्ही उतरायच्या सगळ्यात नाजूक टप्प्यात. म्हणजे बंद ठेवण्याचं कारण खरं आहे, पण परिणाम असा की जिथे हेलिकॉप्टरं उडतात नेमकं तिथेच आमचं शेवटचं जाळं गुंडाळून ठेवलेलं असतं.

वॉशिंग्टनच्या त्या विमानात टक्कर व्हायच्या साधारण २० सेकंद आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" वाजलं होतं. हुकूम मिळायचा प्रश्नच नव्हता, उंचीच तेवढी नव्हती.

आणि त्या वीस सेकंदांत आम्ही काय करत असतो ते सांगते. उतरायच्या आधी वळण घेऊन दुसऱ्या रनवेला लागायचं असेल, जसं त्यांना टॉवरने विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं, तर उडवणारा पूर्ण बाहेर रनवेच्या दिव्यांकडे बघतोय, दुसरा वेग आणि उंची बोलून दाखवतोय, चाकं, फ्लॅप, चेकलिस्ट. खिडकीतून उजवीकडे खाली काळ्या पाण्यावर एक काळं हेलिकॉप्टर शोधायला कोणाची मान मोकळी असते? त्या दोघांना मी मनात कधीही दोष देऊ शकत नाही.

टॉवरकाका:

पंखपसारा, धागा वेळेवर काढलास. मी एकतीस वर्षं टॉवर आणि अप्रोच (उतरायला येणारी विमानं रडारवर सांभाळणारा विभाग) दोन्हीकडे काढली, आता निवृत्त आहे. तुझ्या प्रश्नाचं माझ्या परीने उत्तर देतो, जरा लांबेल.

असं ठिकाण चालतं ते एका शब्दावर. "दिसतंय." कंट्रोलर हेलिकॉप्टरला विचारतो की अमुक ठिकाणी अमुक विमान आहे, दिसतंय का. पायलट म्हणतो दिसतंय, मी माझं अंतर माझ्या नजरेने ठेवतो. त्या क्षणी जबाबदारी टॉवरच्या हातातून त्याच्या हातात जाते आणि कंट्रोलरला रडारवरचं ठरलेलं अंतर ठेवावं लागत नाही. यालाच व्हिज्युअल सेपरेशन म्हणतात. दिवसा, स्वच्छ हवेत, एकच विमान असेल तर ही पद्धत उत्तम चालते, त्याबद्दल वाद नाही. गर्दीच्या विमानतळावर त्याशिवाय गाडा हलत नाही हेही खरं. पण सोय म्हणून घेतलेली गोष्ट हळूहळू पाया होऊन बसते आणि मग त्या पायावर मजले चढत जातात.

वॉशिंग्टनला काय झालं बघा. हेलिकॉप्टरला जवळजवळ दोन मिनिटं आधी सांगितलं गेलं की १२०० फुटांवर सीआरजे आहे, ३३ ला वळून येतोय. त्यातला वळून येतोय हा शब्दच हेलिकॉप्टरच्या रेकॉर्डरवर ऐकू आलेला नाही. पायलट म्हणाला दिसतंय, व्हिज्युअल सेपरेशन द्या. तेव्हा विमान काही मैल लांब होतं आणि रात्री त्या दिशेला उतरणाऱ्या विमानांच्या दिव्यांची माळ लागलेली असते. त्याला नेमका कुठला दिवा दिसला? शेवटी टक्कर व्हायच्या वीसेक सेकंद आधी कंट्रोलरने परत विचारलं दिसतंय का, आणि सांगितलं की त्याच्या मागून जा. ते "मागून जा" सांगताना हेलिकॉप्टरमधलं रेडिओवर बोलायचं बटण ०.८ सेकंद दाबलं गेलेलं होतं. रेडिओ असा आहे की तुम्ही बोलत असताना तुम्हाला ऐकू येत नाही. आठ दशांश सेकंद. तेवढ्यात ते शब्द गेले.

वर आणखी, विमान एका फ्रिक्वेन्सीवर, हेलिकॉप्टर दुसऱ्या. कंट्रोलर दोघांना ऐकतो पण ते दोघे एकमेकांना ऐकत नाहीत. एकाच चॅनेलवर असते तर विमानाच्या पायलटने स्वतः "३३ ला वळतोय" म्हटलेलं हेलिकॉप्टरने ऐकलं असतं. टॉवरमध्ये त्या संध्याकाळी हेलिकॉप्टरचं टेबल आणि विमानांचं टेबल दुपारी पावणेचारच्या सुमारासच एकत्र करून एकाच माणसाकडे दिलेलं होतं. हे मी स्वतः किती वेळा केलंय. गर्दी उतरली की पोझिशन कंबाइन करतात, आणि गर्दी परत चढते तेव्हा सोडवायला कोणी मोकळं नसतं.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. २५ सप्टेंबर १९७८, सॅन डिएगो. बोइंग ७२७ उतरायला येतंय, पुढे छोटं सेसना. ७२७ च्या क्रूने सांगितलं दिसतंय. मग ते नजरेआड झालं, क्रूला वाटलं ते मागे गेलं. कंट्रोल रूममध्ये धोक्याची घंटा १९ सेकंद आधी वाजली, आणि तिथल्यांना वाटलं क्रूला दिसतंयच ना मग काय. १४४ माणसं गेली, त्यातली सात जमिनीवरची. वॉशिंग्टनलाही टॉवरमध्ये घंटा वाजत होती, टेपवर मागे ऐकू येते. मधे सेहेचाळीस वर्षं गेली आणि तोच शब्द, तीच घंटा.

खिडकीसीट:

काका, वाचून पोटात गोळा आला. एक विचारू का? एवढे मोठे दिवे असतात विमानाला, पूर्ण खिडकीतून बघायचं असतं, मग दिसत का नाही? गाडी चालवताना आपल्याला समोरची गाडी दिसते ना.

उजवी_सीट:

खिडकीसीट, याचं एक साधं कारण आहे आणि ते कळलं की झोप उडते. ज्या वस्तूशी तुमची टक्कर होणार असते ती तुमच्या काचेवर हलत नाही.

विचार करा, दोघेही सरळ एका वेगाने एकाच बिंदूकडे चाललेत. तुमच्या काचेच्या ज्या कोपऱ्यात तो दिवा आहे तिथेच तो राहतो, फक्त मोठा होत जातो. आणि मोठा होणंसुद्धा आधी अगदी सावकाश, शेवटच्या काही सेकंदांत एकदम. आपला डोळा हलणाऱ्या गोष्टी टिपतो, स्थिर ठिपका मेंदू बाजूला टाकून देतो. रात्री खाली शहराचे हजारो स्थिर दिवे असतात, त्यातला हा एक. जो दिवा काचेवरून सरकतोय तो सहज दिसतो, पण त्याच्याशी टक्कर होणारच नसते.

शिवाय ब्लॅक हॉकच्या क्रूने रात्री बघायचे गॉगल लावले असावेत असं तपासात धरलं गेलं. त्यातून समोरचा सुमारे ४० अंशांचाच पट्टा दिसतो, आणि ठळक दिव्याभोवती प्रकाशाचं वलय पसरतं त्यामुळे तो किती लांब आहे ते कळत नाही.

दशांश:

यात वेळेचा हिशोब घालतो. विमान १४० नॉट, हेलिकॉप्टर १०० नॉट, साधारण समोरासमोर आले असं धरा. २४० नॉट म्हणजे मिनिटाला ४ नॉटिकल मैल, म्हणजे एक मैल १५ सेकंदांत संपतो. अमेरिकेच्या एफएएच्याच (तिथलं हवाई वाहतूक खातं) मार्गदर्शक पत्रकात दिलंय की वस्तू दिसली, ती विमान आहे हे ओळखलं, टक्कर होणार हे कळलं, काय करायचं ठरवलं, हात हलले आणि यंत्राने प्रतिसाद दिला याला मिळून साडेबारा सेकंद लागतात. म्हणजे एक मैलावर दिसलं तरी हातात उरतात अडीच सेकंद.

माझं सरळ मत, विमानतळाच्या पाच मैलांत हेलिकॉप्टर नकोच. बंद करून टाका.

रोटरमन:

दशांश साहेब, तुमचा राग समजतो पण हे पटत नाही. मी नऊ वर्षं हेलिकॉप्टर अॅम्ब्युलन्स उडवतोय. मोठी हॉस्पिटलं शहरात असतात, शहरांना विमानतळ चिकटलेले असतात, नदीवरचा मार्ग आम्हाला यासाठी देतात की इंजिन गेलं तर खाली घरं नकोत. पाच मैल बंद केलेत तर पेशंटला वळसा घालून न्यायचा, त्या दहा मिनिटांत काय होतं ते मी मागे वळून बघितलंय.

पण माझी एक गोष्ट सांगतो, आजवर बेसवरच्या लोकांखेरीज कोणाला सांगितली नव्हती. विमानतळाचं नाव सांगणार नाही.

संध्याकाळ होती, उजेड गेलेला पण पूर्ण अंधार नाही, आमच्यासाठी ती सगळ्यात वाईट वेळ. मागे पेशंट, नर्स, आणि डाव्या बाजूला माझी क्रू मेंबर. विमानं उतरतात ती लाइन ओलांडून पलीकडे जायचं होतं. कंट्रोलर म्हणाला, दोन वाजता (म्हणजे घड्याळात दोनचा काटा असतो त्या दिशेला, समोरून उजवीकडे), तीन मैल, विमान उतरतंय, दिसतंय का. मी उजवीकडे बघितलं, आकाशात एक ठसठशीत पांढरा दिवा. म्हटलं दिसतंय, मागून जातो. तो म्हणाला ठीक, मागून जा. मी त्या दिव्यावर नजर ठेवून मनात हिशोब करतोय की हा अजून लांब आहे, याच्या आधीच आरामात निघून जाऊ का, पण नको, मागून म्हटलंय तर मागून, म्हणून वेग कमी करायला लागलो. आणि माझ्या खांद्यावर हात आला. ती काही बोलली नाही, नुसता हात दाबला, हेल्मेटच्या आत तिचा श्वास ऐकू आला. मी समोर बघितलं तर डाव्या काचेत, शहराच्या दिव्यांमध्ये, एक विमान आडवं चाललं होतं. चाकं खाली. चाकांच्या दारांच्या कडा दिसल्या मला, पोटाखालचा लाल दिवा पेटताना दिसला आणि विझताना दिसला.

मी ज्याच्यावर नजर ठेवून होतो ते दोन नंबरचं विमान होतं. कंट्रोलर ज्याच्याबद्दल बोलत होता ते पहिलं, क्षितिजाखाली दिव्यांत मिसळलेलं, माझ्या नजरेत आलंच नव्हतं. वेग कमी केला होता म्हणून वाचलो, दिसलं म्हणून नाही. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच दिसत होतं, फक्त दुसरंच दिसत होतं.

म्हणून हेलिकॉप्टर बंद करा हे माझं म्हणणं नाही, पण माझ्या "दिसतंय" वर दीडशे माणसं टांगून ठेवू नका एवढं मात्र कळकळीने म्हणतो.

खिडकीसीट:

रोटरमन दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोपं नसणार.

दशांश:

रोटरमन, माझा मुद्दा मागे घेतो. बंद करा म्हणणं सोपं होतं. मग काय करायचं ते तुम्ही आणि काकांनीच सांगा.

टॉवरकाका:

रोटरमन, तुझं झालं तसं माझ्या बाजूने मीही पाहिलंय, "दिसतंय" ऐकून मान फिरवलीय आणि परत बघितलं तेव्हा रडारवरचे दोन ठिपके एक झालेले. ती रात्र अजून आठवते.

काय करायचं याचं माझं उत्तर असं की अंतर आधी नकाशातच असलं पाहिजे. नजर ही त्यावरची जादाची खात्री. मार्ग असा आखायचा की दोघांपैकी एकाने चूक केली, कोणाचा रेडिओ दबला, कोणाला दिसलं नाही, तरीही टक्कर होऊ शकत नाही.

आता हे कसं? उतरणाऱ्या विमानाचा उतार साधारण तीन अंशांचा असतो. रनवेपासून एक मैलावर ते सुमारे ३०० फुटांवर असतं, तीन मैलांवर जवळजवळ हजारावर. मग एक मैलावर त्याच्या खालून कोणाला पाठवायला जागाच नाही, हे तोंडी गणित आहे. खालून जायचं तर लांबून जा, किंवा जाऊच नको. त्यापेक्षा हेलिकॉप्टरला रनवेच्या मध्यावरून, काटकोनात, टॉवरच्या डोक्यावरून वरच्या उंचीने ओलांडू द्या. ऐकायला उलटं वाटतं पण उतरणारं विमान तिथे जमिनीवर असतं, उडणारं कुठे आणि किती उंच असेल ते माहीत असतं, आणि कंट्रोलरला दोघेही खिडकीतून दिसतात.

दुसरं म्हणजे फाटक. लाइनीच्या अलीकडे ओळखू येणारी एक जागा ठरवायची, पूल, नदीचं वळण, पाण्याची टाकी, काहीही. हेलिकॉप्टरने तिथे गोल फिरत थांबायचं. विमान पुढून निघून गेलं हे कंट्रोलरने रडारवर पाहिलं की मगच "ओलांडा". लंडनला टेम्सवर असे ठरलेले हेलिकॉप्टर मार्ग आणि थांबायच्या जागा कित्येक वर्षं आहेत. थांबणं दोन मिनिटांचं असतं. रोटरमनसारख्या पेशंटवाल्याला थांबवायचं नसेल तर विमानाला एक फेरी मारायला लावा, तेही चालतं, पण दोघांना एकदम पुढे सोडायचं नाही.

आणि विमानाच्या मागून जातानाही लगेच शेपटीला चिकटून नको. पंखांच्या टोकांतून निघालेली भोवऱ्यासारखी हवा मागे राहते आणि खाली बसत जाते, हलक्या हेलिकॉप्टरला ती उलटंपालटं करते.

पंखपसारा:

काका, हे नकाशातच हवं हे अगदी पटलं. तिथे नेमकं उलटं होतं, रूटला उंचीची मर्यादा होती पण आडवी हद्द आखलेलीच नव्हती, किती काठाला धरून जायचं ते पायलटवर.

अपघातानंतर काय झालं तेही नोंदवतो. ११ मार्च २०२५ ला एनटीएसबीच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी तातडीच्या शिफारशी जाहीर केल्या आणि रूट ४ चा तो तुकडा बंद झाला, त्या विमानतळाजवळ हेलिकॉप्टरना नजरेच्या भरवशावर सोडणंही बंद केलं. तरी १ मे २०२५ ला पेंटागॉनकडे चाललेल्या लष्करी हेलिकॉप्टरमुळे उतरणाऱ्या दोन विमानांना परत वर जावं लागलं. तेव्हा कळलं की टॉवर आणि पेंटागॉनमधली थेट फोनलाइन मार्च २०२२ पासून बंदच होती. तीन वर्षं कोणी ती उचलून पाहिली नाही का, याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही.

जानेवारी २०२६ मध्ये एनटीएसबीने कारण ठरवलं त्यातही रनवेच्या वाटेला इतका चिकटून आखलेला हेलिकॉप्टरचा मार्ग आणि नजरेवरचा नको इतका भरवसा या दोन्ही गोष्टी आहेत.

अनुस्वार:

उंचीबद्दल विचारायचं राहिलं. हेलिकॉप्टर २०० फुटांच्या मर्यादेपेक्षा वर होतं ना? मग चूक त्यांचीच नाही का?

रोटरमन:

होतं, टक्कर साधारण ३०० फुटांवर झाली. पण त्यांना काट्यावर काय दिसत होतं ते बघा.

आमच्याकडे उंची दाखवणारी दोन यंत्रं. एक हवेचा दाब मोजतं, दुसरं रेडिओची लहर खाली सोडून परत येताना मोजतं. दाबाच्या यंत्रात त्या दिवसाचा हवेचा दाब हाताने भरावा लागतो. एक हेक्टोपास्कल (दाबाचं माप) चुकलं तर सत्तावीस-अठ्ठावीस फुटांचा फरक. तीन चुकलं की संपले ७५ फूट. शिवाय यंत्रालाच ठरावीक चूक माफ असते, आणि पंखा फिरताना हेलिकॉप्टरभोवतीचा दाब बदलतो तो वेगळाच. एनटीएसबीने त्याच जातीची ब्लॅक हॉक उडवून तपासलं तेव्हा दाबाचं यंत्र खऱ्या उंचीपेक्षा ८० ते १३० फूट कमी दाखवत होतं. म्हणजे काट्यावर २०० बघून मन लावून उडवणारा माणूस प्रत्यक्षात ३०० च्या आसपास असू शकतो.

मी हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी पॅडवर उभं राहून आमच्या मशीनचे दोन्ही आकडे पंखा फिरवायच्या आधी आणि नंतर लिहून घेतले. फरक होता. थोडा होता पण होता. आता रोज लिहितो. शंभर फुटांच्या हिशोबावर कोणी दोन मशीनं एकाखाली एक सोडणार असेल तर त्याला माझ्या वहीची पानं दाखवीन.

उजवी_सीट:

हे वाचून मी माझ्या कॅप्टनना पाठवलं, त्यांनाही ८० ते १३० हा आकडा माहीत नव्हता.

यंत्रांच्या बाजूने एक सांगायचं राहिलं. एडीएस-बी नावाची गोष्ट असते, त्यातून प्रत्येक विमान दर सेकंदाला आपली जागा, उंची, वेग सगळ्यांना सांगतं. सांगण्याचा भाग अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून गर्दीच्या हवाई हद्दीत सक्तीचा आहे, पण लष्कराला काही कामांसाठी तो बंद ठेवायची सूट आहे आणि त्या रात्री ब्लॅक हॉकमधून तो जातच नव्हता. दुसरा भाग ऐकण्याचा. तो असेल तर कॉकपिटमध्ये आजूबाजूचे सगळे दिसतात, बाणासकट, कोण कुठे वळतंय ते. तो बहुतेक प्रवासी विमानांत नाही, त्या सीआरजेमध्येही नव्हता. टीकॅसच्या जागी येणाऱ्या नव्या पिढीच्या यंत्रांचं कामही चालू आहे, खाली उतरतानाही ते जास्त समजूतदारपणे बोलेल अशी अपेक्षा आहे.

मला ते हवंय, आज हवंय. पण काकांचं आधी. पडद्यावर बघायला तीनशे फुटांवर मान मोकळी नसते हे मी वर लिहिलंच.

खिडकीसीट:

मागच्या महिन्यात आमचं विमान उतरता उतरता एकदम वर गेलं, चाकं टेकायलाच आली होती असं वाटलं. घोषणा झाली की समोर ट्रॅफिक आहे. माझ्या शेजारच्या आजी थरथरत होत्या, मी त्यांचा हात धरून बसले आणि मनात त्या पायलटवर चिडले होते. आता वाटतंय की कोणीतरी "दिसतंय" ऐकून गप्प बसलं नाही. उजवी_सीट ताई, तुम्हाला अशा वेळी भीती वाटते का?

उजवी_सीट:

नाही गं. परत वर जाणं हे आमचं सगळ्यात जास्त सराव केलेलं काम आहे, पूर्ण ताकद, नाक वर, चाकं आत, बस. भीती वाटते ती "अजून बसतंय का बघू" म्हणताना. आजींना सांग.

टॉवरकाका:

जे नवीन लोक टॉवरमध्ये आहेत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट. पायलट "दिसतंय" म्हणाला की तिथे थांबू नका. विचारा, कुठल्या बाजूला, किती लांब, कुठे चाललंय. तीन सेकंद जातात. रोटरमनने "दोन वाजता" म्हटलं असतं, पण पुढे "मैल चार, आकाशात उंच" म्हटलं असतं आणि कंट्रोलरला लगेच कळलं असतं की हा दुसऱ्याबद्दल बोलतोय. आणि हेलिकॉप्टरचं टेबल कंबाइन करायचं तर आधी फाटकं बंद. एक माणूस दोन टेबलं सांभाळतोय तर हेलिकॉप्टर लाइनीच्या अलीकडेच थांबेल, अपवाद नाही. हे लिहून भिंतीवर लावा, तोंडी ठेवू नका.

रोटरमन:

काका, तुमचं फाटकाचं लिहिलेलं मी परवाच बेसवर छापून नेलं. आमच्या इन्चार्जनी तिथल्या टॉवरला फोन केला. लेखी करार करायला तयार आहेत. आधी विमानतळाच्या दोन्ही बाजूंना एकेक थांबायची जागा, उंची ठरलेली, पेशंट असेल तर वेगळा शब्द वापरायचा म्हणजे विमानालाच बाजूला घेतील. पूर्वेची जागा ठरली, नदीचं वळण आहे आणि रात्रीसुद्धा पाणी चमकतं म्हणून ओळखू येतं. पश्चिमेला अडलंय, तिथे रात्री दिसेल असं काहीच नाही, सगळी घरं.

टॉवरकाका:

पश्चिमेला रेल्वे लाइन आहे का? किंवा हायवेचा उड्डाणपूल? दिव्यांची सरळ रांग वरून चांगली दिसते. नुसतं नकाशावर ठरवू नका, एकदा रात्री रिकामं मशीन घेऊन जाऊन बघा आणि त्या वेळच्या कंट्रोलरला खिडकीत उभं करा, त्यालाही तुम्ही तिथे दिसायला हवं.

रोटरमन:

उड्डाणपूल आहे. गुरुवारी रात्री ९ वाजता जाऊन बघतो, क्रू मेंबर तीच आहे. शुक्रवारी इथे लिहितो.